डावी टिकटिकी

त्या दोघांच्या संसाराची वाटणी सूर्याने करून दिली होती. दिवस त्याचा, संध्याकाळ तिची. तो पक्ष्यांच्या मागे, ती वटवाघळांच्या. उजाडायच्या आत तो गळ्यात दुर्बीण अडकवून वरच्या खिंडीत जाऊन बसायचा आणि उन्हं कलली की उतरायचा. तो उतरत असायचा तेव्हा ती चढत असायची. पायवाटेवर मध्यावर एक सपाट दगड होता, तिथे दोघांची गाठ पडायची. लग्न ठरलं तेही त्या दगडावरच. आपल्याला एकमेकांचं तोंड दिवसाकाठी एवढंच दिसणार असेल तर भांडायला वेळ कुठून आणायचा, असं त्याने विचारलं होतं. ती म्हणाली होती की त्याची काळजी नको, भांडणासाठी बायका कुठूनही वेळ काढतात.

केंद्रातले लोक त्याला खिंडवाला म्हणायचे. केंद्र म्हणजे डोंगराच्या कुशीतलं पत्र्याच्या छपराचं दगडी घर. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, चिखलाचे बूट वाळत टाकायचा बोळ, आणि भिंतभर नकाशा टांगलेली कचेरी. लग्नानंतर त्यातली एक खोली त्यांना मिळाली. घराच्या वरच्या अंगाला, कड्याच्या पोटात, तिची गुहा. तिची म्हणजे तशी कुणाचीच नाही, पण तिच्याआधी तिथे तोंडावर बसून वटवाघळं मोजायची बुद्धी कुणाला झाली नव्हती, म्हणून तिची.

मोजायचं यंत्र मात्र दोघांचं एकच. मुठीत मावेल एवढं, वर एक खटका. अंगठ्याने दाबला की टिक् असा आवाज होतो आणि आकडा एकाने पुढे सरकतो. केंद्रात सगळे त्याला टिकटिकी म्हणत. खिंडवाल्याला एक टिकटिकी पुरायची. मोसम बदलला की ससाणे, घारी, गरुड यांचे थवेच्या थवे खिंडीतून पलीकडच्या मुलखात जातात. एक पक्षी गेला, एकदा टिक्. खिंड ओलांडून गेलेला पक्षी त्या मोसमात मागे वळून येत नाही. सरळ मोजणी. माणसाने डोळ्यात तेल घालून बसावं, आणि अंगठा हलवावा.

तिला दोन लागायच्या. कारण तिची गुहा ही बाळंतिणींची खोली होती. नर तिकडे फिरकतही नाहीत. बर्फ वितळायला लागला की फक्त माद्या येतात, आतल्या उबदार पोकळीत छताला लटकतात, आणि उन्हाळा लागला की एकेक पिल्लू जन्माला घालतात. तोवर मोजणी सोपी असते. तिन्हीसांजेला सगळ्या बाहेर पडतात, पोटभर किडे खाऊन पार पहाटेच परततात. पण एकदा का पिल्लं झाली, की आईचा जीव गुहेत अडकतो. खाली नदीकाठी चार घास खाल्ले न खाल्ले की ती उलटी फिरते, आत जाऊन पिल्लाला पाजते, आणि परत बाहेर पडते. अजून पुरता अंधारही झालेला नसतो. म्हणजे तोंडाशी बसलेल्या माणसाला तीच आई दोनदा, कधी तीनदा बाहेर पडताना दिसते. म्हणून उजव्या हातात एक टिकटिकी, बाहेर पडणाऱ्यांसाठी. डाव्या हातात दुसरी, आत जाणाऱ्यांसाठी. शेवटी उजवीतून डावी वजा करायची, जे उरेल ते खरं. अंधारात गफलत नको म्हणून तिने डावीला निळी लोकर गुंडाळली होती.

सुरुवातीला सगळे तिची थट्टा करायचे. दोन्ही हातांनी टिकटिक करणारी ही बाई वटवाघळं मोजते की माळ जपते, असं तिचे सर विचारायचे. सर म्हणजे डोंगराखालच्या गावातल्या संस्थेचे प्रमुख, केंद्र त्यांच्याच हाताखाली. पण मोजणी त्यांनी मानली होती. पाच उन्हाळे तिने ती केली, आणि गुहेत किती आया आहेत हा प्रश्न कुणी विचारला की सर तिच्याकडे बोट दाखवायचे.

सहाव्या उन्हाळ्याच्या आधी तिला मुलगी झाली. नाव वगैरे ठेवलं होतं, पण सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बबडी म्हटलं आणि तेच चिकटलं.

नेमकं त्याच वर्षी गुहेचं भवितव्य ठरायचं होतं. आदल्या हिवाळ्यात, गुहा रिकामी असताना, खालच्या कड्याला सुरुंग लावून पायवाट रुंद केली गेली. वर गुहेपर्यंत पायऱ्या, आत दिवे, पाहुण्यांसाठी कठडे, असं सगळं वरच्या अधिकाऱ्यांनी कागदावर तयार केलं होतं. सरांनी अडवून धरलं. शेवटी असं ठरलं की यंदाच्या मोजणीवर सोडायचं. सुरुंगांनी आया घटल्या असतील, तर गुहेला कुणी हात लावायचा नाही, उन्हाळ्यात माणसाने त्या बाजूला जायचंही नाही. घटल्या नसतील, तर त्यांना माणसाचं काही वाटत नाही असं समजायचं आणि पायऱ्या बांधायच्या. सरांनी तिला फोनवर सगळं समजावून सांगितलं आणि शेवटी चाचरत विचारलं, की यंदा जमेल का, बाळ लहान आहे. ती म्हणाली, न जमायला काय झालं, तिथल्या सगळ्यांचीच बाळं लहान आहेत.

सर हसले. तीही हसली. पाच महिन्यांची बबडी आणि मदतीला सासूबाई असा लवाजमा घेऊन ती केंद्रात आली.

आता तान्ह्या पोरांचं आणि तिन्हीसांजेचं काय वैर असतं कुणास ठाऊक. दिवसभर गुण्यागोविंदाने खेळणारी बबडी उन्हं उतरली की सूर लावायची. बाटली तोंडाला लावली की जीभ बाहेर, मान फिरवलेली. तिला आईच लागे. सासूबाई बाई धीराच्या, तक्रारीचा शब्द काढणाऱ्यातल्या नव्हेत. त्यांनीच तोड काढली. ती वर गुहेपाशी बसेल, पोर अगदीच आवरेनाशी झाली तर त्या अंगणाच्या कठड्यावर पांढरं दुपटं टाकतील. वरून दुपटं दिसलं की तिने उतरायचं.

पहिल्या संध्याकाळी वटवाघळांची धार नुकती सुरू झाली होती आणि खाली दुपटं पडलं. दुसऱ्या दिवशी अर्धी मोजणी झाली आणि पडलं. तिसऱ्या दिवशी दुपटं पडायच्या आधीच तिला छातीतून कळलं. ती उतारावरून अक्षरशः घरंगळत खाली यायची, बबडीला घ्यायची, आणि पोर घटाघटा पीत असताना खिडकीतून कड्याकडे बघत राहायची. अर्धवट मोजणी म्हणजे न केलेली मोजणी. हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

खिंडवाल्याचा पक्ष्यांचा मोसम तेव्हा सरत आला होता. एका संध्याकाळी तो बोळात बूट काढता काढता थांबला आणि परत घालायला लागला. म्हणाला, "तू पाज. मी जातो. मोजायचंच तर आहे. खिंडीत एवढे पक्षी मोजतो, तुझ्या बायका मोजता येणार नाहीत होय मला?"

तिला त्या क्षणी त्याच्याविषयी इतकं प्रेम दाटून आलं की डोळे भरून आले. बाळंतपणानंतर ते तसेही कशानेही भरत होते. तिने दोन्ही टिकटिक्या त्याला दिल्या. मांडीवर पोर, एका खांद्यावर दुपटं, अशा अवस्थेत तिने सांगितलं की उजवीने बाहेर पडणारी, डावीने आत जाणारी. तो म्हणाला, हो गं.

त्यात त्याची लबाडी नव्हती, हे पुढे तिने स्वतःलाच कितीदा सांगितलं. पहिल्या आठवड्यात तो दोन्ही घेऊन गेला. तेव्हा पिल्लं झाली नव्हती. आत जाणारं एखाददुसरं चुकार, बाकी सगळी बाहेरच. डावी टिकटिकी नुसतीच हातात. त्याला त्या हातात दुर्बीण हवी असायची, जन्माची सवय. मग एक दिवस त्याने ती घरी ठेवली. घरी ठेवली म्हणजे बबडीच्या हातात दिली. पोरीने खटका दाबला, टिक् झालं, आणि ती चक्क हसली. तिन्हीसांजेचं रडणं त्या टिक्-टिकमध्ये विरून जायला लागलं. टिकटिकी हिरड्यांत धरून ती चावायची, लोकर चोखायची, आणि आईच्या मांडीवर आडवी पडून, दूध पिता पिता, हाताने खटका दाबत राहायची.

आणि हे सगळं तिच्या डोळ्यांसमोर. निळी लोकर रोज तिच्या नजरेखालून जात होती. तिला वाटलं, त्याने कचेरीतून दुसरी घेतली असेल. वाटलं म्हणजे काय, वाटून घेतलं. महिनोन् महिने सलग झोप न मिळालेलं डोकं, आणि मांडीवर एकदाची गप्प झालेली पोर. त्या शांततेला प्रश्न विचारायची तिची छाती झाली नाही.

मग पिल्लं झाली असतील त्या सुमारास आकडे वाढायला लागले. खिंडवाला उत्साहाने उतरायचा. बोळातूनच आकडा ओरडून सांगायचा. यंदा बर्फ उशिरा वितळला, त्यामुळे पुष्कळ जणी उशिरा येताहेत, असं त्याने निदान केलं. तिला ते पटलं. पटावंसं वाटत होतं, म्हणून लवकर पटलं. सुरुंगांनी काही बिघडलं नाही, तिच्या बायका टिकल्या, हे ऐकायला कुणाला नको असतं? जेवताना तिने सासूबाईंना कौतुकाने सांगितलं, की आई, आमच्या बाळंतिणी तुमच्यासारख्याच चिवट. सासूबाई म्हणाल्या, बरं, म्हणजे आता मी वटवाघूळ. त्यावर सगळे पोट धरून हसले. त्या घरात इतकं मोकळं हसणं नंतर झालं नाही.

अहवाल त्याने लिहिला, कारण लिहायला त्याचे दोन्ही हात मोकळे होते. त्याचं नाव वर, तिचं खाली. यात तिला काही वावगं वाटलं नाही, मोजलं त्यानेच होतं. मांडीवर बबडीला तोलत तिने सही केली. पोरीने कागदाला हात मारला, तेव्हा सही थोडी वाकडी आली. सरांचा फोन आला. आया घटल्या नाहीत, उलट वाढल्यात, हे वाचून त्यांना आनंद झाला होता आणि थोडी निराशाही. आता पायऱ्यांना नाही म्हणायला त्यांच्याकडे कारण उरलं नव्हतं. जाता जाता त्यांनी हेही सांगितलं की केंद्रप्रमुखाची जागा रिकामी होते आहे, आणि खिंडवाल्याने दोन्ही कामं ज्या तडफेने उचलली ती वरच्यांच्या नजरेत भरली आहे.

तो त्याच कामासाठी गावात गेला होता, त्या दिवशीची गोष्ट. दुपारभर खेळून दमलेली बबडी उन्हं असतानाच पेंगायला लागली होती. तिच्या मनात आलं, आज वर जाऊन यावं. मोजणी संपली होती, अहवाल गेला होता. नुसतं बघायला. पण नुसतं बघायला ती कधी गेलीच नव्हती, हातांना सवय नव्हती. खुंटीवर उजवी टिकटिकी सापडली. दुसरी कुठे आहे म्हणून ती शोधायला लागली. कचेरीतला खण उघडला, त्याच्या पिशव्या उलट्या केल्या, बुटांतसुद्धा हात घालून पाहिला.

सासूबाई बबडीला थोपटत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, ती होय? ही काय, बबडीच्या मुठीत. तिचीच आहे ती पहिल्यापासून. त्याला कुठे लागते? मला एक पुरते म्हणाला."

तिने वाकून पोरीच्या मुठीतून टिकटिकी सोडवली. लोकर लाळेने ओली होती, चावून चावून एका बाजूने सुटली होती. बबडी खडबडून जागी झाली आणि तिने टाहो फोडला. सासूबाई चकित होऊन बघत राहिल्या. काय झालं हे त्यांना सांगायला ती थांबली नाही. पायात चपला होत्या, त्याच घालून चढाला लागली.

तोंडाशी तिची जागा तशीच होती. पाठ टेकायचा खडक, समोर आकाशाचा तुकडा, त्या तुकड्यावर एकेक काळी आकृती उमटून विरायची. तिने बाजूची कळ फिरवून दोन्ही टिकटिक्या शून्यावर आणल्या, तोवर पहिली बाहेर पडली. उजवीने टिक्. मग दुसरी, मग धार लागली. अंगठा आपोआप चालू लागला, जणू मधे वर्ष गेलंच नव्हतं. आणि थोड्याच वेळात खालून, नदीकडून, एक आकृती उलटी आली, तिच्या केसांवरून वारा घालत आत गेली. डावीने टिक्. ओल्या लोकरीवर अंगठा घसरला. मग दुसरी आत. मग तिघी मिळून. आतून पिल्लांची चिरचिर वाढली, कमी झाली, परत वाढली. बाहेर पडणाऱ्या आता नव्या नव्हत्याच. त्याच होत्या. पाजून निघालेल्या.

खाली कठड्यावर दुपटं पडलं.

तिला ते दिसलं. संधिप्रकाशात पांढरं न दिसण्यासारखं नव्हतं. तिने नजर आकाशाच्या तुकड्यावर आणली. उजवीने टिक्. डावीने टिक्. तिची चोळी दोन्हीकडून भिजली, मग पोटापर्यंत ओल उतरली. समोरून आया आत जात होत्या, एकामागून एक, आपापल्या पिल्लाकडे, आणि ती एक आई बाहेर बसून त्यांचा हिशोब ठेवत होती. आता उठले तर हीदेखील अर्धवट, असं ती स्वतःला बजावत राहिली. सासूबाईंनी बहुधा तिला दिसलं नसेल असं समजून दुसरं दुपटं आणून पहिल्याच्या शेजारी टाकलं. ती उठली नाही.

आकृती दिसेनाशा झाल्या तेव्हा तिने दोन्ही टिकटिक्या डोळ्यांशी नेऊन वाचल्या. वजाबाकी तोंडी झाली. खिंडवाल्याच्या आकड्याच्या निम्म्यानेही आया नव्हत्या गुहेत. आदल्या वर्षी तिने स्वतः मोजल्या होत्या, त्याच्याही निम्म्या नाहीत.

ती घरी पोचली तेव्हा सगळं शांत होतं. बबडी पाळण्यात झोपली होती, ओठांच्या कडेला दुधाचा ओघळ वाळलेला. शेजारी बाटली, रिकामी. सासूबाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "घेतली एकदाची. खूप रडली, मग घेतली. बरं झालं बघ, तुझी सुटका झाली." त्या खरंच तिच्या भल्यासाठी बोलत होत्या. तिने मान हलवली. न्हाणीघरात जाऊन, भिंतीला कपाळ टेकून, तिने दूध मोरीत पिळून टाकलं. दुसऱ्या दिवशी बबडीला जवळ घेतलं तर पोरीने मान फिरवली, जशी पूर्वी बाटलीला फिरवायची.

खिंडवाला परतला तो जागा पक्की झाल्याचं सांगतच. तिने त्याला बसू दिलं, चहा दिला, आणि टेबलावर दोन्ही टिकटिक्या ठेवल्या. आकडे तसेच होते. त्याने उजवी पाहिली, मग डावी पाहिली. माणूस हुशार होता, दोन वाक्यांत समजला. चहा निवला तरी त्याने कप उचलला नाही.

मग तो बोलायला लागला. आधी म्हणाला की आत जाणारी दिसत होती त्याला, पण इतकी असतील असं वाटलं नाही. खिंडीत गेलेला पक्षी परत येत नाही, हात त्याच वळणाचा झालेला. ते तिने ऐकून घेतलं, ते खरं होतं. मग म्हणाला की तिने नीट सांगितलं असतं तर. तेही तिने ऐकून घेतलं. मग मात्र तो म्हणाला, "एका संध्याकाळच्या मोजणीवरून तू अख्खा मोसम खोटा ठरवणार? एक मोजणी म्हणजे मोजणी नव्हे. हे तूच सांगतेस ना सगळ्यांना?"

ती म्हणाली, "मग उद्या चल. परवा चल."

त्यालाही ठाऊक होतं आणि तिलाही, की पिल्लांना पंख फुटत आले होते. अजून चारदोन दिवसांत ती स्वतःच उडायला लागली असती, आया मधूनच परतायच्या थांबल्या असत्या, आणि आई कोण, पोर कोण, हे बाहेर बसलेल्या माणसाला कळलं नसतं. यंदाची वेळ निघून गेली होती. तो अखेर म्हणाला की पुढच्या वर्षी आपण दोघं मिळून नीट मोजू, अगदी तुझ्या पद्धतीने. आणि हळूच पुढे म्हणाला, की आत्ता हे बाहेर काढलं तर जागा जाईल, खोली जाईल, मग गुहा तरी कुठून बघशील. त्यात धमकी नव्हती. तो खरोखरच घाबरला होता.

"पुढच्या वर्षी काय मोजशील?" असं तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता टिकटिक्या उचलल्या.

दोन दिवसांनी बबडीला कडेवर घेऊन ती डोंगर उतरली आणि गावातल्या संस्थेत सरांसमोर जाऊन बसली. सरांची खोली पूर्वीसारखीच होती, पुस्तकांच्या चळती, खिडकीत वाळवायला ठेवलेली पिसं, आणि आता टेबलावर पायऱ्यांचा रंगीत नकाशा. तिने पहिल्यापासून सगळं सांगितलं. दुपटं सांगितलं, लोकर सांगितली, स्वतःची सहीसुद्धा सोडली नाही. सरांनी मधे एकदाही टोकलं नाही. बबडीला खेळायला त्यांनी भिंग दिलं.

तिचं संपल्यावर ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग अतिशय मायेने म्हणाले, "हे बघा, माझ्या घरातही हे झालंय. नवऱ्याचं नाव वर, आपलं खाली. लागतं मनाला. तुम्ही पाच वर्षं राबलात आणि फळ त्याच्या पदरात पडलं. पण म्हणून मोजणीच खोटी म्हणू नका हो."

तिला आधी कळलंच नाही ते कशाबद्दल बोलताहेत. मग उमगलं, तिला नवऱ्याचा मत्सर वाटतो असं ते समजून चालले होते. ती चिडून उठली असती तर तेही त्यांना पुरावाच वाटला असता. तिने शक्य तितक्या सपाट आवाजात सांगितलं की नाव कुणाचंही राहू दे, गुहेत आया उरल्या नाहीत, तेवढं वर कळवा. सरांनी विचारलं, खाली सही तुमचीच ना. ती हो म्हणाली. ते म्हणाले, मग मी काय कळवू? सही करणाऱ्या बाईंचा आता विचार बदलला, असं? निरोप देताना त्यांनी बबडीच्या गालाला हात लावला आणि तिला सांगितलं की काही दिवस विश्रांती घ्या, पहिलं वर्ष सगळ्यांनाच जड जातं.

वर चढताना सपाट दगडापाशी खिंडवाला उभा होता. सर काय म्हणाले, हे त्याने विचारलं नाही. त्यांनी त्याला आधीच फोन केला असावा. त्याने पोरीला घ्यायला हात पुढे केले. तिनेही दिली. दोघं चढत राहिली. भांडायला आता वेळच वेळ होता, पण भांडण सुरू कुठून करायचं हे दोघांनाही कळत नव्हतं.

पुढल्या वर्षी बर्फ वेळेवर वितळला. पायऱ्या हिवाळ्यातच झाल्या होत्या, सुबक, दोन्हीकडे लोखंडी कठडे. गुहेत पिवळे दिवे होते, दिवसभर लोक येऊन जायचे, माना वर करून छत बघायचे. संध्याकाळी दिवे बंद होत, हे खिंडवाल्याने केंद्रप्रमुख म्हणून भांडून मिळवलं होतं आणि त्याबद्दल तो वारंवार बोलायचा.

ती तिच्या जागी जाऊन बसली. पाठ टेकायचा खडक पायऱ्यांसाठी फोडला होता, म्हणून पायरीवरच बसली. दोन्ही मुठींत दोन टिकटिक्या. डावीला नवी लोकर होती. खाली अंगणात बबडी आजीचं बोट धरून तुरुतुरु चालत होती. कठड्यावर काही वाळत नव्हतं. आता खाली कुणालाच तिची घाई नव्हती.

आकाशाच्या तुकड्यावर एक आकृती उमटली. टिक्. बऱ्याच वेळाने दुसरी. एकटीदुकटी येत होती, धार लागलीच नाही. बाहेर पडलेली प्रत्येक सरळ नदीकडे जात होती, नदीवरून पुढे जात होती. पिल्लं व्हायचे दिवस होऊन गेले होते. ती डावा अंगठा खटक्यावर टेकवून बसून राहिली. आतून चिरचिर ऐकू आली नाही. खालून उलटं कुणीही आलं नाही.

अंधारून आलं तसा खिंडवाला पायऱ्या चढून आला. हल्ली तो तिला न्यायला यायचा. शेजारच्या पायरीवर बसला, जरा दम घेतला, आणि किती, असं विचारलं. तिने उजवी टिकटिकी त्याला दाखवली. त्याने मान खाली घातली. मग डावीत किती, म्हणून त्याने हात पुढे केला.

तिने त्याच्या तळहातावर ती ठेवली. खटका एकदाही दाबलेला नव्हता. सगळी शून्यं होती, एका ओळीत.

"घे," ती म्हणाली. "आता तुझंच बरोबर आहे. एक पुरते."